जागल्याची कापरी रेष

तुम्ही 'निजगड' वाचत असाल तर मला नक्की ओळखता. वाचत नसाल तर माझं नाव तुमच्या कानावर यायचं काही कारण नाही. मी उत्तरा भोकरे. सांगलीच्या एका कंपनीत सह्या तपासते. निजगडच्या वाचकांना 'कापरी रेष' नावाचा जो सिद्धांत तोंडपाठ आहे, तो माझा. चार वर्षं मला त्याचा भारी अभिमान होता. आता तो लेख मी काढून टाकलाय, पण त्याच्या प्रती हजारो लोकांनी ठेवल्यात आणि त्या मला कोणी पुसू देणार नाही.

निजगड म्हणजे इंटरनेटवर दर मंगळवारी एक पान अशी अकरा वर्षं आलेली चित्रकथा. एका डोंगरी गडावर एके दिवशी घंटा झाली आणि राजापासून पागेतल्या घोड्यांपर्यंत सगळे झोपले. तीनशे वर्षं झोपलेत. जागा आहे तो एकटा जागल्या. तोंडावर लाकडी मुखवटा, त्याला डोळ्यांपुरती दोन भोकं. तो झोपलेल्यांच्या अंगावरची धूळ झटकतो, पांघरुणं सारखी करतो आणि वाट चुकून वर आलेल्या प्रत्येकाला आपण कोण याची वेगळीच हकिकत सांगतो. एकाला म्हणतो मी राजाचा भाऊ, दुसऱ्याला म्हणतो मी गडावर शिरलेला चोर, तिसऱ्याला म्हणतो मी मेलेलोच आहे. खरा कोण, ते चित्रकाराने कधी सांगितलं नाही. हा चित्रकार 'रंगा' एवढंच नाव लावायचा. तो पुरुष आहे की बाई, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

आम्ही म्हणजे 'पहारा' हा चाहत्यांचा गट, चाळीस हजार माणसांचा. नोकऱ्या, संसार सांभाळून आम्ही अकरा वर्षं फक्त एकच काम केलं, जागल्या कोण ते ओळखायचं. कोणी त्याच्या शालीच्या काठावरून जात शोधली, कोणी बोटांची पेरं मोजली. मिरजेला भूगोल शिकवणाऱ्या इरफान जमादारांनी तर जागल्याच्या सावलीची लांबी मोजून गडाचे अक्षांश काढले होते. गट ते आणि मी मिळून चालवायचो. रोजचं बोलणं, ईदला शीरखुर्मा, दिवाळीला फराळाचा डबा, आणि सगळ्या गप्पा जागल्याच्या. माझ्या आईला वाटायचं की जागल्या नावाचा आमचा कोणी आजारी नातेवाईक आहे.

आता यंत्राबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

ओल्या वाळूतल्या पावलांवरून माणूस कुठे पळाला, कुठे थांबला ते सांगता येतं. आमच्या कंपनीचं यंत्र तेच रेषेच्या बाबतीत करतं. रेषेची जाडी कुठे बदलली, कडा कुठे फाटली, एक रेष दुसरीवर कुठे चढली, एवढ्यावरून ते हात कुठून निघाला, कुठे किती जोर दिला, कोणती रेष आधी आणि कोणती मागून आली, हे सगळं सांगतं. कागदावरचं सांगतं तसंच पडद्यावरचंही सांगतं. खोटी सही यात पकडली जाते, कारण खोटं करताना मनाला दोन कामं करावी लागतात, एक लिहायचं आणि एक लपवायचं. त्या ओझ्याने हात मंदावतो. डोळ्याला दिसत नाही इतका, पण यंत्राला दिसतो.

मात्र म्हाताऱ्या माणसांच्या खऱ्या सह्याही थरथरतात. बँकेने आजोबांना परत पाठवू नये म्हणून यंत्रात एक गाळणी बसवलेली आहे. एका ठेक्यात येणारी थरथर ती आधीच गाळून टाकते आणि मग उरलेलं तपासते. ही गाळणी माझ्याच विभागाने बसवली होती. चांगल्या हेतूने बसवली होती.

चार वर्षांपूर्वी मी निजगडची सगळी पानं या यंत्रातून काढली. डोंगर, तटबंदी, घोडे, सगळीकडे रंगाचा हात पाण्यासारखा वाहत होता. जागल्याच्या डोळ्यांशी आला की मंदावत होता, अडखळत होता. शिवाय प्रत्येक पानावर ते डोळे अगदी शेवटी काढलेले. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मी तीस पानी लेख लिहिला, आलेखांसकट. ज्या हाताला उत्तर माहीत आहे तो हात तिथे अडखळतो, असं त्याचं पहिलं वाक्य होतं. जागल्याचे डोळे शेवटी काढले जातात, कारण चित्रकार ते टाळतो. रेष कापरी होते, कारण जागल्या खोटं बोलत असतो आणि चित्रकाराला खरं माहीत असतं. गुपिताचं ओझं मनातून हातात उतरतं, असा शेवट केला होता. मला तो फार आवडला होता.

लेख वणव्यासारखा पसरला. लोकांनी पानं मोठी करून पाहिली आणि ती थरथर उघड्या डोळ्यांनाही दिसली. कापऱ्या डोळ्यांची चित्रं लोकांनी स्वतःच्या फोटोच्या जागी लावली. पुढे दोन वर्षांत ते डोळे हळूहळू लहान होत गेले, तेव्हा इरफानभाईंनी पुरवणी सिद्धांत मांडला की जागल्यालाही झोप यायला लागली आहे. आम्ही सगळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

लेखानंतर आठवड्याने मला खुद्द रंगाचा निरोप आला. दोनच वाक्यं. 'तुमचा लेख वाचला. बरं वाटलं.' ती मी किती जणांना दाखवली असतील याला हिशेब नाही.

यंदाच्या मार्चमध्ये कंपनीला एका इस्पितळाचं काम मिळालं. सहीवरून कंपवात वेळीच ओळखता येतो का, ते बघायचं होतं. कंपवातात मेंदूतल्या ठरावीक पेशी मरत जातात. हात सेकंदाला पाच वेळा या ठेक्याने थरथरू लागतो आणि अक्षर लहान होत जातं. मनाच्या ओझ्याने हात अडखळतो त्याला ठेका नसतो, आजाराच्या थरथरीला घड्याळासारखा असतो. म्हणजे आम्ही जे गाळून फेकत होतो, नेमकं तेच इस्पितळाला हवं होतं. गाळणी काढून यंत्र चालवायचं, एवढंच काम. तपासणीसाठी एकाच हाताचा वर्षानुवर्षांचा नमुना पाहिजे होता. माझ्याकडे होताच. मी निजगडची साडेपाचशे पानं यंत्राला दिली आणि डबा खायला गेले.

परत आले तेव्हा पडद्यावर आलेख होता. पहिली सहा वर्षं सपाट. सातव्या वर्षी पाचाच्या आकड्यावर एक टेकाड उगवलेलं. पुढे दर महिन्याला ते वाढत गेलेलं, आणि डोळे काढायची वेळ येते तिथे सगळ्यांत उंच. मी गाळणी पुन्हा लावून पाहिली. टेकाड गेलं, माझा सिद्धांत उरला. काढली, तर माणूस आजारी. असं मी सात-आठ वेळा केलं असेल.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना मी नाव न सांगता आलेख दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"हा पेशंट आहे कुठे?" त्यांनी विचारलं.

"त्याला माहीत नाहीये बहुतेक."

"मग लवकर कळवा. आता पेशी रुजवण्याचा उपचार आहे. मेंदूत नव्या पेशी सोडतो, त्या धरतात आणि पुढची पडझड थांबते. पण रुजायला जुन्यांपैकी थोड्या तरी जिवंत लागतात. ह्याच्याकडे तीन महिने आहेत, फार तर साडेतीन. आणि उपचारानंतर सहा महिने हाताला बारीक काम अजिबात नाही, नाहीतर नव्या पेशींना जुनीच खोड लागते."

"चार वर्षांपूर्वी कळलं असतं तर?"

"तर सहज बरा झाला असता," त्या म्हणाल्या आणि आलेख मला परत दिला.

मी रंगाला निरोप पाठवला की भेटायचं आहे, तुमच्या तब्येतीचं काम आहे. अकरा वर्षांत कोणाला न मिळालेला पत्ता मला एका तासात मिळाला. गारगोटी. कुंभार गल्ली. रंगराव कुंभार.

शनिवारी दुपारी मी पोचले. घराच्या पुढच्या पडवीत शाडूच्या मूर्तींच्या ओळी वाळत होत्या आणि आतल्या खोलीत खिडकीशी चित्रं काढायचा संगणकाचा पडदा मांडलेला होता. रंगराव पन्नाशीचे, बारीक, पांढऱ्या सदऱ्यातले. त्यांच्या बायकोने, मालनवहिनींनी, पाणी दिलं.

"ह्याच त्या मॅडम," रंगराव त्यांना म्हणाले. "लेख लिवलेल्या." आणि माझ्याकडे वळून, "बसा की. लई दिवस मनात हुतं तुमास्नी भेटायचं."

त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि आपापला हलत होता. सेकंदाला पाच वेळा. मी मोजत होते, न मोजणं जमेना.

पडवीतल्या मूर्ती रंगवून झाल्या होत्या, पण एकीलाही डोळे नव्हते. मी तिकडे बघतेय हे वहिनींच्या लक्षात आलं.

"डोळं शेवटी आखायचं असत्यात," त्या म्हणाल्या. "सगळं काम झालं, अंग धुतलं, की मग डोळं. ह्यांच्या आज्यापास्नं रीत हाय. ते पडद्यावरबी तसंच करत्यात. सोमवारी सांजच्याला, सगळं पान झाल्यावर."

मूर्तीचे डोळे शेवटी आखतात हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. आठवडाभर राबून थकलेला कुंभाराचा हात घराण्याच्या रीतीने शेवटी डोळ्यांशी यायचा आणि थरथरायचा. आणि चाळीस हजार माणसांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की विचारावं. मी तर त्यावर चार आलेख काढले होते.

मी सगळं सांगितलं. यंत्र, गाळणी, ठेका, डॉक्टरीणबाई, तीन महिने. काही लपवलं नाही.

"चार वर्सांमागं हात हलाय लागला तवा म्या कोल्हापूरला डाक्टरकडं जायाचं ठरवलं हुतं," रंगराव म्हणाले. "नंबर लावलेला. आमच्या बाचाबी शेवटी हात हलायचा, म्हणून भ्या वाटत हुतं. आन तेवढ्यात तुमचा लेख आला."

"बरं वाटलं, असं लिहिलं होतंत तुम्ही."

"वाटलं की. जिवात जीव आला. आजार न्हवं, गुपिताचं ओझं हाय. सांगून टाकलं की हात थांबंल. नंबर म्हणून सोडला."

मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. मी म्हटलं, "रंगराव, मी चुकले होते. तो लेख चूक होता. सोमवारीच इस्पितळात चला, मी गाडी घेऊन येते."

"सतरा पानं ऱ्हायल्यात फकस्त," ते म्हणाले. "सतरा मंगळवार. मग जागल्या मुखवटा काढतोय."

"सतरा आठवडे म्हणजे चार महिने. तेवढे नाहीयेत आपल्याकडे."

"घाईनं काढा की," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "सदऱ्याची बटनं मी लावतीया, मॅडम. कपातला निम्मा च्या बशीत सांडतोय. तरीबी ऐकत न्हाईत."

"एका पानाला आठवडा लागतोय आता, घाई कुठनं करू?" रंगराव माझ्याकडे बघून म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मॅडम, एक इचारू? तवाबी यंत्र ह्येच हुतं. तुमीबी ह्याच. तवाबी असंच आलेख काढून, खातरीनं सांगितलेलं. मग आत्ताचं खरं कशावरनं?"

माझ्याकडे उत्तर होतं, गाळणीचं. मी ते पुन्हा समजावून सांगितलं. मी सांगत असताना त्यांनी मान हलवली, आणि कळलं की ती पटल्याची नव्हती.

"चाळीस हजार मान्सं एका बाजूला हायत," ते म्हणाले. "तुमी एकट्या दुसरीकडं. त्यांनी म्हटलं की आजार हाय, तर येतो."

परतीच्या रस्त्यातच मी ठरवलं की लेख मागे घ्यायचा. गटावर सगळं खरं लिहायचं. लोक म्हणतील, रंगा, आधी बरा हो, आम्ही थांबतो. मग ते येतील. मी वहिनींना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, नाव-गाव नको, बाकी लिवा. रंगरावही मागून म्हणाले, लिवू द्या.

आधी इरफानभाईंना दाखवायला मिरजेला गेले. त्यांनी दोनदा वाचलं.

"हे टाकू नका," ते म्हणाले.

"का?"

"कोणी मानणार नाही. उत्तराताई, चार वर्षं तुम्ही लोकांना शिकवलंत की त्या थरथरीत अर्थ आहे. आता म्हणताय नाही. खरं बोलताय की निजगडचाच पुढचा डाव आहे, हे मलाच कळेना, तर त्यांना काय कळणार?"

"तुम्हाला कळेना? मी त्या माणसाच्या घरी जाऊन आलेय, भाई."

"पत्ता द्या मग. मीही जातो."

"तो मी नाही देऊ शकत."

"बघा," ते म्हणाले. त्यांनी कागद घडी घालून माझ्यासमोर ठेवला. "शेवटच्या सतरा पानांत तुम्ही एकट्याच आत गेलात आणि आम्हाला दारातून सांगताय की परत फिरा. मला वाईट वाटतंय, एवढंच." त्यानंतर आम्ही जवळजवळ चार महिने बोललो नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा ईदला मी घरी बसून होते.

मी लेख मागे घेतला आणि खरं ते लिहिलं. पहिल्या तासात नऊशे उत्तरं आली. ती मला अजून पाठ आहेत. 'जबरदस्त! म्हणजे चित्रकारच जागल्या आहे.' 'ताई रंगाला मिळाल्या, शेवट लपवायला मदत करतायत.' 'आजार म्हणजे झोप. तीनशे वर्षांची झोप. काय डोकं लावलंय!' कोणी माझ्या कबुलीतल्या शब्दांची पहिली अक्षरं जोडून पाहिली आणि त्यातून निजगडच्या राणीचं नाव काढलं. मी नवीन आलेख टाकला. त्याच्यातलं पाचाचं टेकाड गडाच्या आकाराचं आहे, असं लोकांच्या लक्षात आलं. मी हात जोडून लिहिलं की एक माणूस खरोखर आजारी आहे. त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी त्यांना शिव्या देऊ शकत नव्हते. मी त्यांच्या जागी असते तर सगळ्यात लांब उत्तर माझंच असतं.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "समदं वाचून दावलं त्यास्नी," त्या म्हणाल्या. "म्हणाले, बघ, एकबी मानूस आजार म्हणंना. पान काढाय बसलेत."

मग मंगळवारामागून मंगळवार गेले. मी दर शनिवारी गारगोटीला जायचे. कधी डॉक्टरीणबाईंना फोनवर देऊन बघितलं, कधी वहिनींसमोर रडले, एकदा चिडून पडद्याची वायरच उपटली. रंगरावांनी ती शांतपणे परत जोडायला घेतली आणि हाताने ती भोकात बसेना, तेव्हा मीच जोडून दिली. मी जोडली. त्या खोलीत एकाला तरी त्यांचा हात बघवत नव्हता, आणि ती मी होते.

आलेल्या प्रत्येक पानाची रेष मी यंत्राला द्यायचे आणि आलेख डॉक्टरीणबाईंना पाठवायचे. गटावर लोक नाचत होते, कारण थरथर आता डोळ्यांतून मुखवट्यात, मुखवट्यातून हातात, हातातून तटबंदीत पसरली होती. 'सगळा गडच खोटं बोलायला लागलाय,' असं एकाने लिहिलं. चौदाव्या पानानंतर डॉक्टरीणबाईंनी फोन केला. आता नको, म्हणाल्या. आता धरणार नाहीत पेशी. दुखणं थोडं सुसह्य करता येईल, बाकी काही नाही. मी ते वहिनींना सांगितलं. वहिनींनी सांगितलं की तीन पानं होऊ देत, मग सांगते त्यांना.

सतरावं पान ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी आलं. जागल्याने मुखवटा काढला. आत गडाचा घंटेकरी होता, जो पहिल्याच दिवशी मेला असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. गडाला वेढा पडला होता. लोकांना वाचवायचं म्हणून त्यानेच घंटा वाजवून सगळ्यांना झोपवलं, आणि उठवायचं कसं ते त्याला माहीत नव्हतं. तीनशे वर्षं तो प्रत्येकाला खोटं सांगत होता, कारण खरं सांगायची लाज वाटत होती. पानभर फक्त त्याचा चेहरा. एकही रेष सरळ नव्हती. इतकं सुंदर चित्र मी निजगडमध्ये पाहिलेलं नाही, आणि मला ते पाहवलं नाही.

गटावर दिवाळी होती. जागल्या खोटं बोलत होता, रेष कापत होती, म्हणजे सिद्धांत सोळा आणे खरा ठरला. माझ्या नावाने हजारोंनी अभिनंदनं आली. चार महिन्यांनी इरफानभाईंचाही निरोप आला, 'तुमचंच खरं निघालं, ताई. मी उगाच रागावलो. माफ करा.'

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळी मी ऑफिसात असताना गारगोटीचा नंबर वाजला. मला वाटलं वहिनी. रंगराव स्वतः होते. फोन हातात ठरत नव्हता, त्यांचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा.

"मॅडम, सांगून टाकलं बगा सगळं," ते म्हणाले. "कायबी लपवलं न्हाई. मंगळवारपास्नं हात समोर धरून बसलोय."

"रंगराव..."

"न्हाई, घाई न्हाई. फकस्त इचारायला केला फोन. गुपित सांगितल्यावर किती दिवसांनी थांबतोय ओ हात? तुमच्या लेखात तेवढं दिलेलं न्हाई."